सरकारी हॉर्न परत केल्यावर

पत्र: "नौदलाच्या बँडमध्ये १५ वर्षं फ्रेंच हॉर्न वाजवला. पुढच्या जुलैत सेवा संपते आणि मी मिरजेला घरी परततोय. वय ३४. पेन्शन बसेल, पण दोन मुलं, आईची औषधं आणि निम्म्यावर अडलेलं घराचं बांधकाम आहे. वाजवणं सोडायचं नाही. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला प्रयत्न करावा, की गावात क्लास काढावा? शिवाय समोर नोटेशनचा कागद नसला की माझी बोटं थिजतात. मिरजेत राहून रागाच्या अंगानं दोन आवर्तनं तरी स्वतःची वाजवावीत अशी फार इच्छा आहे, पण हॉर्नवर ते होतं का? मेव्हणे म्हणतात, सिक्युरिटीची नोकरी धर आणि हॉर्न छंद म्हणून ठेव."
— एक वाचक, मिरज

सप्रेम नमस्कार,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण पहिला विचारायचा राहिलाच. जुलैनंतर वाजवणार कशावर? हातातला हॉर्न सरकारी आहे. शेवटच्या आठवड्यात तो स्टोअरला जमा होईल, पावती मिळेल, आणि १५ वर्षांत ओठांना जडलेली सवय रिकाम्या हातानं गाडीत बसेल. म्हणून सुरुवात इथून करू.

आधी माउथपीस, आणि तो आत्ताच. सध्याच्या माउथपीसवरचा छापील नंबर लिहून घ्या, कपाचा आतला व्यास कॅलिपरनं मोजा (बहुतेकांचा १७.२५ ते १७.७५ मिलिमीटरच्या दरम्यान निघतो) आणि कड गोल आहे की चपटी, ते बोट फिरवून पाहा. तसाच दुसरा स्वतःच्या पैशानं घ्या आणि उरलेले महिने नोकरीतला हॉर्न त्यावरच वाजवा. वाद्य आणि माउथपीस एकाच दिवशी बदलले, की वरचे सूर का फुटताहेत ते कळायला मार्ग राहत नाही.

हॉर्न वापरलेला घ्या, पण डबलच, म्हणजे अंगठ्याच्या कळीनं एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजू बदलता येणारा. नवा चांगला डबल हॉर्न काही लाखांच्या खाली येत नाही, आणि एकरकमी मिळणाऱ्या पैशाचा दहाव्या हिश्श्याहून जास्त भाग वाद्यात घालू नये असं आमचं मत आहे. आधी घरावर छप्पर पडू द्या. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. तिथून घ्यायचा तर फोनवर सौदा करू नका, स्वतः जा. हॉर्न कुठलाही असो, या गोष्टी तपासा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (सरकणारी नळी) बाहेर ओढून धरा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग कळ दाबा. "टप्" असा ठसठशीत आवाज आला तर रोटर (व्हॉल्व्हमधला फिरणारा भाग) घट्ट आहे. नुसतं फुस्स झालं तर हवा गळते, आणि असा हॉर्न हळू वाजवताना दगा देतो. मग रोटरचा दांडा चिमटीत धरून बाजूला हलवून पाहा. खडखडला तर बेअरिंग झिजलंय. माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं, ती नळी आतून सडते आहे. बेलला, म्हणजे हॉर्नच्या पसरट तोंडाला, पोचा असला तर घासाघीस करा. या पहिल्या नळीला पोचा असला तर वाद्य ठेवून परत या. शेवटी एकच सूर अंगठ्याची कळ न दाबता आणि दाबून असा दोन्ही बाजूंनी वाजवा. स्लाइड जुळवूनही दोन्हींत ठळक फरक राहिला, तर तो तुमच्या ओठांचा दोष नाही.

बेल आटे फिरवून निघणारी मिळाली तर पाचपन्नास जास्त मोजा. एसटीत आणि रेल्वेच्या बर्थखाली अख्ख्या हॉर्नची पेटी मावत नाही.

आता ऑर्केस्ट्रा. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिचे मोठे कार्यक्रम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास होतात. पण हॉर्नच्या खुर्च्या बहुतेक सिंफनींत चार, काहींत दोनच. कायम वादक थोडे, मोठ्या रचनेला बाहेरून माणसं येतात. तेव्हा यावर घर चालेल असं धरू नका. ऐन वेळी एखादा वादक आजारी पडला, की ज्याला फोन जातो अशा यादीत नाव असावं, एवढंच ध्येय ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं, तेव्हा अंतराची सबब नाही.

अडचण वेगळी आहे. बँडचे कागद तुम्हाला एफमध्ये, म्हणजे तुमच्या हॉर्नच्याच पट्टीत, लिहून मिळाले. ऑर्केस्ट्रातले जुने कागद कुठल्याही स्वरात असतात आणि बघता बघता मनात बदलून वाजवावे लागतात. इ-फ्लॅटचा कागद एक पूर्ण स्वर खाली, इ चा अर्धा खाली, डी चा दीड स्वर खाली, सी चा अडीच स्वर खाली. जी चा एक स्वर वर आणि ए चा दोन स्वर वर. रोज एकच सोपा धडा घ्या आणि तो सोमवारी इ-फ्लॅटमध्ये, मंगळवारी डीमध्ये असा वाजवा. सहा महिन्यांत डोळा तयार होतो. हे न करता ऑडिशनला गेलात तर पहिल्या पानावरच बाहेर याल, सूर कितीही गोड असो.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो. कागद वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनी ज्या रेकॉर्डिंग हॉलमध्ये हयात काढली, ते दिवस गेले. आज हॉर्नचा ताफा कीबोर्डमधून निघतो. त्यावर खरा वाटावा म्हणून एक-दोन जिवंत हॉर्न चढवतात, आणि ते काम घरून पाठवता येतं. एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, आणि ठोक्यावर वाजवायची सवय एवढं पुरतं. सवय तुम्हाला आहेच. माइक बेलच्या आत खुपसू नका. बेलपासून अडीच-तीन फुटांवर आणि तोंडापासून जरा बाजूला ठेवा, नाहीतर फक्त फुसफुस आणि हाताचा घोगरेपणा येतो.

तुमच्या वाजवण्याबद्दल एक अंदाज, चुकला तर सोडून द्या. संचलनाच्या मार्चमध्ये हॉर्नला धून क्वचित मिळते. ढोल "धम्" म्हणतो आणि हॉर्न मधल्या जागेत "पा" म्हणतो. १५ वर्षं हे केलं की जीभ आखूड आणि ठोकळेबाज होते, पल्ला मधल्या दीड सप्तकात अडकतो आणि एका श्वासात लांब वाक्य घ्यायची वेळच येत नाही. दिवसाला तीन बैठका ठेवा, प्रत्येकी २५ मिनिटं, मध्ये किमान तासभर अंतर. पहिलीत फक्त लांब सूर: आठ मात्रा हळूतून मोठा, आठ मात्रा परत हळू. दुसरीत जीभ न लावता स्वर जोडणं. तिसरीत कागद बंद. सलग सव्वा तास वाजवून ओठ सुजवून घेण्यात मर्दुमकी नाही. सुजलेले ओठ दुसऱ्या दिवशी माउथपीस दाबून वाजवायला लावतात, आणि दाबायची सवय लागली की सुटायला वर्ष जातं.

लष्करी बँडातून बाहेर पडून वादक, शिक्षक आणि स्वतःचं वाजवणारा कलावंत असं तिहेरी आयुष्य हॉर्नवर उभं राहतं का, याचं एक नीट नोंदलेलं उदाहरण आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३१ साली जन्मलेला विली रफ १४ व्या वर्षी वय लपवून सैन्यात गेला. हॉर्न शिकला तो लष्करी बँडमध्येच. ओहायोतल्या लॉकबोर्न हवाई तळावर त्याला पियानो वाजवणारा ड्वाइक मिचेल भेटला. सैन्यातून सुटल्यावर माजी सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेतून तो येल विद्यापीठात गेला, तिथे संगीतकार पाउल हिंडेमिट यांच्याकडे शिकला. मग लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये काही काळ काढला, आणि १९५५ मध्ये दोघांनी मिचेल-रफ ही जोडी बांधली. पियानो आणि हॉर्न, बस्स. रफ कॉन्ट्राबासही वाजवायचा, त्यामुळे दोन माणसांत तीन वाद्यं. दोघं १९५९ मध्ये सोव्हिएत संघात आणि १९८१ मध्ये चीनमध्ये जॅझ वाजवून, समजावून आले. १९७१ पासून रफ येलमध्ये शिकवू लागला आणि २०१७ पर्यंत शिकवत राहिला. २०२३ च्या डिसेंबरात तो गेला.

यातलं येल तुमच्या कामाचं नाही, जोडीची मांडणी आहे. जॅझमध्ये हॉर्नवाले आणखी होते. डेट्रॉइटच्या ज्युलियस वॉटकिन्सनं १९५३ मध्ये जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर हॉर्न वाजवून रेकॉर्ड केलंय. पण हॉर्नला बँडमध्ये कोणी बोलवायची वाट बघत बसायचं, तर हॉर्नची आठवण सगळ्यांत शेवटी होते. दोघांचा कार्यक्रम असला तर एका रिक्षात सामान बसतं, शाळेच्या वर्गातही वाजवता येतं, आणि वाजवता वाजवता समजावून सांगता येतं. तुम्हाला मिरजेत पियानोवाला शोधायची गरज नाही. हार्मोनियम किंवा तबला, एक माणूस पुरे.

आता मुख्य प्रश्न. हॉर्नवर राग वाजतो का? सगळे वाजत नाहीत, आणि जे वाजतात ते सतारीसारखे वाजत नाहीत. पण एक राग असा आहे की जणू या नळीसाठीच बांधलाय.

तंबोरा पांढरी चारला लावा, म्हणजे एफ. तीनही बोटं कळांवरून उचलून ठेवा. अंगठा न दाबता एफची बाजू बोलते. तुमच्या कागदावरचा तिसऱ्या जागेतला सी वाजवा. तो तुमचा सा, नळीचा आठवा स्वयंभू स्वर (कळ न बदलता, नुसत्या ओठांनी एकाच नळीतून निघतात ते स्वयंभू स्वर). नववा रे. दहावा ग. अकरावा सोडा. बारावा प. आता फक्त अंगठा दाबा, बी-फ्लॅटची बाजू उघडेल, आणि तिचा दहावा स्वर म्हणजे ध. अंगठा तसाच दाबून त्याच बाजूचा बारावा घेतलात तर तार सा. सा, रे, ग, प, ध, सां: अख्खा भूप एकही बोट न हलवता, फक्त अंगठ्यावर.

आणि हे स्वर बँडमधल्या स्वरांपेक्षा तंबोऱ्याला जास्त जवळचे आहेत. दहावा स्वर म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार, पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). बँडमध्ये ट्यूनरचा काटा मधे आणायला तुम्ही तो १५ वर्षं ओठांनी वर ढकलत आलात. तंबोऱ्यासमोर ढकलू नका. ओठ सैल सोडा, उजवा हात बेलमध्ये नेहमीच्या जागी, आणि स्वर आपणहून जिथे बसतो तिथे बसू द्या. धैवताचंही तसंच. बी-फ्लॅटच्या बाजूचा तो दहावा स्वर एफच्या षड्जाशी ५:३ च्या नात्यात पडतो, म्हणजे तंबोऱ्याशी जुळणारा धैवत. अट एकच: दोन्ही बाजूंच्या मुख्य स्लाइड एकमेकींशी नीट जुळलेल्या हव्यात. बी-फ्लॅटची बाजू जरा चढी राहिली तर धैवत चढतो आणि अख्खा भूप बिघडतो. रोज सुरुवातीला एफचा बारावा स्वर आणि बी-फ्लॅटचा नववा एकामागोमाग वाजवा. दोन्ही पंचमच. जुळले की पुढे जा.

काय बिघडतं तेही सांगतो. आठव्यापासून वर शेजारचे स्वयंभू स्वर स्वराच्या अंतरावर, पुढे त्याहून जवळ येतात, म्हणून ओठ केसभर चुकले की शेजारी वाजतो. अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मध्ये पडतो, तो भूपात विषासारखा. प वरून ग वर मींड घेताना तो वाटेत ठेच लावतो. उपाय म्हणजे पहिला व्हॉल्व्ह अर्धवट दाबून घसरणं. रोटर अर्ध्यावर असला की नळीच्या पायऱ्या पुसट होतात आणि सूर ओघळत खाली येतो. आवाज थोडा कोंदट होतो, ते चालेल. अर्ध्या स्वराहून कमीची मींड हवी असेल तर बेलमधला हात हळूहळू मिटत आणा, सूर उतरतो. पण पूर्ण मिटू नका. पूर्ण बंद केल्यावर आवाज चिरका होतो आणि बोटांचा हिशेब अर्ध्या स्वरानं सरकतो. मंद्र सप्तकात उतरलात की तिथला रे एफच्या बाजूला पहिल्या व्हॉल्व्हवर येतो आणि भूपाच्या रिषभापेक्षा किंचित उतरतो. तो मात्र ओठांनी चढवावा लागतो. सा पासून खालचा ध अंगठ्यावर खुला मिळतो, खालचा प बोटांशिवाय. मंद्राची तक्रार तुम्हाला राहणार नाही.

आणि वरचा ध एवढा सहज, एवढा घुमणारा येतो की त्यावरच थांबून राहावंसं वाटतं. थांबू नका. धैवत वादी (मुख्य स्वर) झाला की भूप देशकार या रागात शिरतो, आणि मिरजेत समोरच्या रांगेत हे ओळखणारं कोणीतरी बसलेलं असतंच. थांबायचं गंधारावर.

बोटं थिजण्याचं कारण तुमच्यात नाही. बँडमध्ये कागदावर नसलेला स्वर हा गुन्हा असतो. "काहीही वाजव" असं सांगितलं की डोकं बंद पडतं, कारण पर्याय फार असतात. म्हणून पर्याय तोडा. पहिले दोन आठवडे फक्त सा, रे, ग. दहा मिनिटं. नियम असा की प्रत्येक वाक्य आधी गळ्यानं म्हणायचं, मग तेवढंच वाजवायचं, मग तेवढाच वेळ गप्प बसायचं. गळा बेसुरा असला तरी चालेल. जे गळ्यात आलं नाही ते ओठांत येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात प, पाचव्यात ध आणि मंद्र. आठव्या आठवड्यापर्यंत ठेका लावूच नका. मग दादरा, सहा मात्रा, आणि चार आवर्तनांनी समेवर सा. मग केरवा. त्रिताल सगळ्यात शेवटी, मिनिटाला साठ-सत्तर मात्रांवर. खालच्या सप्तकात हॉर्नचा सूर बोलायला क्षणभर उशीर लावतो, म्हणून समेवर पोचायचं तर केसभर आधी फुंका. द्रुत तानांच्या वाटेला जाऊ नका. हॉर्नचं बळ आलापात आहे, भरधाव पळवलात तर वरातीत घोडा उधळल्यासारखं होईल.

शिकायला गायकाकडे जा, वादकाकडे नको. बासरी किंवा व्हायोलिनवाला तुम्हाला त्याच्या वाद्याच्या युक्त्या देईल, त्या इथे बसत नाहीत. गायकाकडून भूपाची एक मध्यलयीतली बंदिश, तिचे बोल आणि वीस पलटे घ्या. कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर आणणारे कद्री गोपालनाथ नागस्वरम वाजवणाऱ्यांच्या घरातून आले होते, सॅक्सोफोन त्यांना भेटला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये, आणि तो ताब्यात यायला त्यांना कितीतरी वर्षं द्यावी लागली. तुम्ही एक वर्ष धरा, आणि वर्षाअखेर बारा मिनिटांचा भूप, एवढंच. तंबोऱ्यासाठी ॲप चालतं, पण तंबोऱ्यांच्या गावात राहून फोनमधला तंबोरा ऐकावा हे जरा विनोदी वाटेल.

क्लासच्या पाटीवर "फ्रेंच हॉर्न" लिहू नका, चार महिन्यांत एक चौकशी येईल आणि तीही गाडीचा हॉर्न दुरुस्त करतो का म्हणून. "ट्रम्पेट, युफोनियम, बिगुल, स्टाफ नोटेशन" असं लिहा. येतील ते तीन प्रकारचे. पहिली शाळा: १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनासाठी. शाळेच्या बँडला बिगुल असतो, आणि बिगुल म्हणजे व्हॉल्व्ह नसलेली नळी, तुमच्या स्वयंभू स्वरांचंच घर. शाळेशी ठरवताना कागदावर लिहून घ्या: जून ते मार्च दहा महिने, आठवड्याला दोन दिवस, फी दर महिन्याला, वाद्यदुरुस्ती वेगळी. नुसतं "१५ ऑगस्टपर्यंत बसवून द्या" असं ठरलं की १६ ऑगस्टला तुमचं काम संपतं.

दुसरी, भरतीची तयारी करणारी पोरं. नौदलात अग्निवीर म्युझिशियनची भरती होते, तिथे कान, ताल आणि वाद्य तिन्ही तपासतात. आत काय मागतात हे जिल्ह्यात तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण निवड होईल अशी हमी कोणालाही देऊ नका.

तिसरी, बँड कंपनीतली पोरं, आणि यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गाल फुगवून वाजवतात, एकाच आवाजात वाजवतात, कागद वाचता येत नाही. गाल फुगले की ओठांचे कोपरे सुटतात, म्हणून वर चढताना माउथपीस दाबावा लागतो, आणि तिशीतच वरचे सूर जातात. त्यांना आरशासमोर बसवा, अगदी हळू आवाजात आठ मात्रांचा सूर धरायला लावा. हळू वाजवताना गाल फुगवून निभावत नाही. वाचन शिकवताना त्यांना तोंडपाठ असलेलीच धून कागदावर लिहून द्या, म्हणजे कान पुढे पळतो आणि डोळा मागून शिकतो. पण याच पोरांना कालचं गाणं कानानं उचलून, नवरदेवाचा मामा म्हणेल त्या पट्टीत वाजवता येतं. तुम्हाला ते येत नाही. अर्धा तास तुम्ही त्यांना वाचन शिकवा, अर्धा तास त्यांनी तुम्हाला कागदाशिवाय वाजवायला शिकवावं. फी त्या पहिल्या अर्ध्या तासाचीच घ्या.

लहान मुलाला समोरचे पक्के दात आल्याशिवाय ओठ लावू देऊ नका. अकरावं वर्ष बरं. पहिल्या दिवशी श्वास पाच मिनिटं, नुसत्या माउथपीसवर एक सूर पाच मिनिटं, मग वाद्यावर दोनच सूर, सा आणि प, दहा मिनिटं, आणि जेवढं वाजवलं तेवढी विश्रांती. हॉर्नवरच बसवलंत तर माउथपीस वरच्या ओठावर दोन तृतीयांश, खालच्यावर एक तृतीयांश. पहिल्याच दिवशी बोटांचा तक्ता हातात देणं ही नव्या शिक्षकाची हमखास चूक. एकाच बोटावर आठ-दहा स्वर निघतात, तेव्हा बोट बरोबर आणि स्वर चूक, आणि मुलाला कळतच नाही. आधी स्वर गाऊन घ्या, मग फुंकायला सांगा.

पुढेमागे पालक प्रमाणपत्र मागतील. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा हॉर्न-ट्रम्पेटला आहेत, आणि त्यात पूरक चाचणी म्हणून इम्प्रोव्हायझेशन निवडता येतं. स्वतःही वरची ग्रेड देऊन टाका, हीच चाचणी निवडून. पुस्तकी परीक्षेत कागदाशिवाय वाजवण्याचे गुण मिळतात, ते सोडू नका.

मेव्हण्यांचं सांगणं अर्धं मान्य करा. पहिलं वर्ष तंगीचं जाईल, सिक्युरिटीचं काम धरलं तरी कमीपणा नाही, पण दिवसपाळी घ्या. शिकवणीची वेळ पाच ते आठ ही आहे, रात्रपाळीनं ओठही जातात आणि शिकवणीही. वर्षाचं गणित असं मांडा: जून ते मार्च शाळा, नोव्हेंबर ते मे लग्नसराईतली दुरुस्ती. बँडच्या वाद्यांचे व्हॉल्व्ह अडकले की लोक सांगलीभर फिरतात. रोटरची दोरी बांधणं तुम्हाला येत असेलच: वेणीदार नायलॉन, साधारण १८ सेंटिमीटर, लिव्हरवर आठाच्या आकड्यात. पावसाळ्यात रोटर जाम होतात ते तेल चुकीच्या जागी पडतं म्हणून. स्लाइडमधून दोन थेंब टाकून लोक थांबतात. टोपीखालच्या बेअरिंगवर आणि पाठीमागच्या दांड्याखाली एकेक थेंब हवाच.

घर निम्म्यावर आहे म्हणता, तर बरंच झालं. हॉर्नची बेल मागे तोंड करून असते, ऐकू येतो तो पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. मांडवात कापड असतं म्हणून हॉर्न तिथे गिळला जातो, आणि घरात पाठीमागे कपाट किंवा पडदा असला तरी तेच. एका खोलीत तुमच्या खुर्चीपासून मागे पाच-सहा फुटांवर मोकळी, गिलावा केलेली, खिडकी नसलेली भिंत राहू द्या, आणि ती शेजाऱ्यांच्या बाजूची नको. गवंडी गिलाव्याला यायच्या आधी त्याला सांगा.